अजरखपूरची ठसेछपाई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बारा वर्षं मी कच्छमधल्या अजरखपूरहून कापड आणून पुण्या-ठाण्याच्या प्रदर्शनांत मांडते. कापड हातात घेतलं की लोक प्रश्न विचारतात, आणि घाईगर्दीत कुणालाच धड उत्तर देता येत नाही. ती उत्तरं इथे सावकाश लिहिली आहेत.

अजरख म्हणजे नेमकं काय? साध्या ब्लॉक प्रिंटहून ते वेगळं कसं?

ठशाने छापलेलं कापड आपल्याला नवं नाही. आजीची चिटाची चोळी, कार्याच्या घरी अंथरलेलं जाजम आठवून बघा. भावसार आणि रंगारी मंडळींचा हा पिढीजात धंदाच होता. साध्या छपाईत ठसा रंगात टेकवायचा आणि कापडावर उमटवायचा. अजरखमध्ये ठशावर बहुतेक वेळा रंग नसतोच. कधी चुना आणि डिंक असतो, कधी लोखंडाचं पाणी, कधी तुरटी आणि माती. चुना बसतो ती जागा पांढरी राहते, लोखंड बसतं तिथे काळं होतं, तुरटी बसते तिथे लाल रंग धरतो. मग अख्खं कापड निळीत बुडवायचं, धुवायचं, लाल रंगात उकळायचं, आणि प्रत्येक जागा आपापला रंग घेऊन वर येते. त्यामुळे छपाई चालू असताना कापड पाहिलं तर ते पिवळट, मातकट, चिखल लागल्यासारखं दिसतं. नक्षी पूर्ण असते, रंग मात्र अजून कुठेच नसतात.

‘आज रख’ यावरून अजरख नाव पडलं, हे खरं का?

कच्छमध्ये ही गोष्ट सगळे सांगतात : आज राहू दे, उद्या पुढचं काम. अरबीत ‘अझरक’ म्हणजे निळा, आणि नाव तिथूनच आलं असं मला पटतं, कारण या कापडाचा व्यापार शतकानुशतकं अरबी समुद्रावरून चालत होता. पण ‘आज रख’ ही व्युत्पत्ती खरी नसली तरी कारागीर ती का सांगतात ते तिथे दोन दिवस राहिलं की कळतं. प्रत्येक पायरीनंतर कापड वाळत, मुरत पडलेलं असतं आणि त्याला कुणी घाई करत नाही.

अजरखपूर हे जुनं गाव आहे का?

नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपापूर्वी ते गाव नव्हतंच. त्याआधी हे कारागीर भूजच्या पूर्वेला पन्नासेक किलोमीटरवर असलेल्या धमडक्यात राहत. ते खत्री समाजाचे. कच्छचे राव भारमल पहिले यांच्या काळात, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस, त्यांचे पूर्वज सिंधमधून आले. रावांनी जागा निवडायला सांगितली तेव्हा त्यांनी धमडका निवडलं, कारण तिथे सारण नदीचं वाहतं पाणी होतं. रंगाऱ्याने घर बांधायचं ते आधी पाणी बघून.

पुढे नदी आटली आणि विहिरींवर काम चालू राहिलं. भूकंपात धमडक्यातली घरं पडली, माणसं गेली. मागे उरलेल्यांना आणखी एक गोष्ट लक्षात आली. जमिनीखालचं पाणी बदललं होतं, त्यात लोह वाढलं होतं. पिण्याच्या पाण्यात लोह थोडं जास्त असलं तर आपण चव बिघडली म्हणतो. इथे लाल रंगच बिघडतो, कारण लोह लागलं की लाल मळकट होऊन तपकिरीकडे झुकतो. एका पिढीने जमवलेला लाल पुढच्या पिढीच्या हाती त्याच विहिरीतून येईना.

मग त्यातल्या बऱ्याच कुटुंबांनी मिळून भूजपासून साधारण पंधरा किलोमीटरवर नवी जमीन घेतली आणि तिथे वसलेल्या गावाला आपल्या कापडाचं नाव दिलं : अजरखपूर. या कामात पुढे असलेले इस्माइल मोहम्मद खत्री यांना इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डी माँटफर्ट विद्यापीठाने २००३ मध्ये मानद डॉक्टरेट दिली. त्यांचे वडील मोहम्मद सिद्दीक यांनी, आसपास सगळे रासायनिक रंगांकडे वळलेले असताना, १९७० च्या दशकात वनस्पतींच्या रंगांचं काम पुन्हा उभं केलं होतं. धमडकाही ओस पडलेलं नाही, तिथे आजही छपाई होते.

एक कापड व्हायला किती दिवस लागतात? आणि एवढे दिवस नक्की करतात काय?

चांगल्या अजरखला दोन ते तीन आठवडे धरा. पावसाळ्यात किती, ते आभाळावर आहे. पायऱ्या चौदा-सोळा मोजतात, पण मोजणी घरागणिक बदलते. मी मुख्य टप्पे तिथल्याच नावांनी सांगते.

पहिला साज. मिलमधून किंवा मागावरून आलेल्या कापडात खळ आणि तेलकटपणा असतो. तो काढायला कापड उंटाच्या लेंड्या, सोडा आणि एरंडेल कालवलेल्या पाण्यात भिजवतात, पिळून रात्रभर ठेवतात, उन्हात अर्धवट वाळवतात, पुन्हा भिजवतात. असं सात-आठ वेळा. कापड चोळल्यावर फेस आला की ते तयार झालं.

मग कसानो, म्हणजे हिरडा. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी कुटुंबं गोळा करतात त्याच झाडाचं फळ. हिरड्याच्या पाण्यातून काढलेलं कापड फिकट पिवळं होतं आणि उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवलं जातं. हिरड्यातला तुरटपणा लोखंडाशी गाठ पडली की काळा होतो. पूर्वी आपल्याकडे हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून शाई करत, ती याच गुणावर.

त्यानंतर खरियाणू : चुना आणि बाभळीचा डिंक. यानेच नक्षीच्या पांढऱ्या रेघा कापडावर बांधल्या जातात. पुढे काट, म्हणजे काळा. भंगारातलं लोखंड, गूळ आणि बेसन पाण्यात घालून पिंपात पंधरा-वीस दिवस आंबवतात. वर फेस येतो आणि आंबूस, गंजका वास अंगणभर पसरतो. ते पाणी गाळून त्यात चिंचोक्याची पूड घालून शिजवलं की ठशावर बसेल असं घट्ट होतं. आपले धनगर घोंगडीला जी चिंचोक्याची खळ देतात, ती आठवून मला पिंपाजवळ उभं राहिल्यावर फार आपलं वाटलं होतं.

लाल हवा असेल तिथे तुरटी, तीही चिंचोक्याच्याच लगद्यात. तिला काण म्हणतात. आणि लाल भागावर निळी चढू नये म्हणून गच : माती, तुरटी, डिंक. गच ओला असतानाच त्यावर लाकडाचा भुसा भुरभुरवतात, म्हणजे तो दुसरीकडे फासत नाही. हे कापड मग काही दिवस नुसतं वाळत ठेवायचं. घाईने निळीत घातलं तर गच सुटतो आणि सगळं वाया जातं.

नंतर निळ, मग विछळणू म्हणजे धुणं (आपलं ‘विसळणं’ इथेही आहेच), मग तांब्याच्या मोठ्या भांड्यात, लाकडाच्या जाळावर लाल रंगात उकळणं. याच वेळी तुरटीच्या जागा लाल होतात. काही कापडांवर यानंतर पुन्हा गच छापतात आणि पुन्हा निळीत बुडवतात. ती मिनाकारी. तिच्यामुळे निळा इतका गडद होतो की रात्रीच्या आभाळाची आठवण येते.

निळ बनते कशी? हात निळे का असतात त्यांचे?

निळ पाण्यात विरघळत नाही, आणि विरघळल्याशिवाय धाग्यात शिरत नाही. म्हणून ती आंबवावी लागते. जमिनीत पुरलेल्या खोल हौदात निळ, चुना आणि आंबणाला खाद्य म्हणून गूळ किंवा कुवाडियाच्या बिया घालतात. कुवाडियो म्हणजे आपला टाकळा, ज्याची कोवळी पानं आपण पहिल्या पावसात भाजीला खुडतो. आंबण चांगलं लागलं की हौदातलं पाणी वरून निळसर फेसाचं, पण आत पिवळट हिरवं दिसतं.

एका सकाळी मी हौदाच्या काठावर बसले होते. कारागिराने कापड आत सोडलं, पाण्याखालीच हलक्या हाताने उलगडलं, थोड्या वेळाने वर ओढलं. बाहेर आलं तेव्हा ते पोपटी होतं, अगदी कोवळ्या पानाच्या रंगाचं. मग वारा लागला तसा कडेपासून रंग फिरायला लागला : हिरवा, मोरपिशी, निळा. दोन-तीन मिनिटांत सगळं निळं. हवेतल्या प्राणवायूने हे होतं, शाळेतल्या रसायनशास्त्राच्या तासाला कळलं असतं, पण डोळ्यांसमोर पाहिलं की बोलणं थांबतं. शेजारी उभे असलेले चाचा म्हणाले, “रोज बघतो, तरी रोज बघतो.”

हौद थंडीत सुस्तावतो, जास्त काम पडलं तर थकतो, मग त्याला विश्रांती द्यावी लागते. कारागीर त्याच्याबद्दल घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. हात निळे असतात, कारण रंग नखांत आणि कातडीच्या भेगांत बसतो आणि तो जायच्या आत पुढचं कापड येतं.

ठसे कोण करतं?

गांधीनगरजवळच्या पेथापूरचे कोरणारे. लाकूड बहुधा सागवान. नक्षी आधी कागदावर, मग लाकडावर उतरवून, बारीक छिन्नीने खोदतात. ठशाला आरपार भोकं ठेवलेली असतात, त्यातून हवा निघून जाते आणि लगदा अडकत नाही. एका नक्षीला एकच ठसा पुरत नाही : पांढऱ्या रेघेचा वेगळा, काळ्याचा वेगळा, लालचा वेगळा, आणि ते एकावर एक केसाइतके जुळावे लागतात. नवा ठसा तेलात मुरवून मगच वापरायला काढतात. मोठ्या घरांत आजोबा-पणजोबांच्या काळचे ठसे फडताळं भरून रचलेले असतात.

दोन्ही बाजूंनी छापलेलं असतं म्हणतात. ते जुळतं कसं?

पारंपरिक अजरख बिपुरी असतं, म्हणजे दोन्ही अंगांनी छापलेलं. मालधारी, म्हणजे तिथले गुराखी, पहाटे अंधारात उठून कापड खांद्यावर टाकत, उलट-सुलट बघायची गरजच पडू नये, असं तिथे सांगतात. उलट्या बाजूला छापताना पहिल्या बाजूच्या रेघा कापडातून अस्पष्ट दिसतात, त्यावर कारागीर ठसा टेकवतो. टेकवताना घाई नाही, आणि टेकवल्यावर मुठीचा एकच दणका. आज बाजारात येतं त्यातलं बरंच एकपुरी असतं. त्यात फसवणूक काही नाही, फक्त विकणाऱ्याने ते तसं सांगावं.

नक्षीचा अर्थ काय? मोहेंजोदडोच्या पुतळ्यावरही अजरख आहे ना?

नक्षी जवळपास सगळी भौमितिक : तारे, वर्तुळं, एकमेकांत गुंतलेल्या चौकटी. माणूस, प्राणी, पक्षी नाहीत. ‘चंपाकळी’, ‘रियाल’ अशी नावं कानावर पडतात. मधलं अंग आणि कडेचे पट्टे यांचं गणित ठरलेलं असतं, साडीला काठ-पदर असतो तसं.

मोहेंजोदडोच्या प्रसिद्ध पुतळ्याच्या शालीवर तीन पाकळ्यांची नक्षी आहे, आणि अजरखमध्ये तिच्यासारखी नक्षी सापडते, हे खरं. पण पुतळा दगडाचा आहे. त्याच्या अंगावरचं वस्त्र छापलेलं होतं की विणलेलं की भरतकामाचं, हे दगड सांगत नाही, म्हणून मी गिऱ्हाइकाला ‘पाच हजार वर्षांचं अजरख’ असं सांगत नाही. मोहेंजोदडोत लाल रंगवलेल्या सुती कापडाचा तुकडा मिळाला आहे, एवढं नक्की. आणि भक्कम पुरावा हवा असेल तर तो इजिप्तमध्ये आहे. जुन्या कैरोजवळच्या फुस्तातमध्ये गुजरातेतून गेलेल्या ठसेछापील सुती कापडाचे मध्ययुगीन तुकडे सापडले, आणि त्यांचा मोठा संग्रह आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयात आहे. त्यात निळीत बुडवलेले, जागा राखून पांढरी नक्षी उठवलेले तुकडे आहेत. मला हा पुरावा जास्त मोलाचा वाटतो.

पूर्वी हे कोण वापरायचं?

कच्छ-सिंधमधले मुस्लिम मालधारी पुरुष. लुंगी, फेटा, खांद्यावरचं कापड, बाळाची झोळी, सामानाचं गाठोडं. साड्या आणि ओढण्या ही अलीकडची मागणी.

रंग शंभर टक्के नैसर्गिक असतात का?

विचारून घ्या, कारण गाव एक असलं तरी घराघराची पद्धत वेगळी. निळ, लोखंडाचा काळा, हिरडा, डाळिंबाच्या साली आणि हळदीचा पिवळा, हे नैसर्गिक असू शकतं. लालच्या बाबतीत मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांत लाल देणारे जे पदार्थ असतात, त्यांतला एक म्हणजे अलिझरिन. तो १८६९ पासून कारखान्यात बनवता येतो, आणि आज छापील कापडातला लाल पुष्कळदा त्याच अलिझरिनचा असतो. कृत्रिम निळही १८९७ पासून बाजारात आहे. मुळांपासून केलेला लाल महाग पडतो आणि थोडा मऊ, विटकरीकडे झुकणारा दिसतो. मी माझ्या टेबलावर दोन्ही ठेवते आणि चिठ्ठीवर तसं लिहिते. अलिझरिन असलं म्हणून कारागिराची मेहनत कमी होत नाही. नैसर्गिक म्हणून तेच दुप्पट दराने विकणं चूक आहे.

खरं अजरख ओळखायचं कसं?

सुरुवातीच्या वर्षी मी स्वतः फसले. एका घाऊक व्यापाऱ्याकडून चाळीस मीटर घेतलं, हातछपाई म्हणून. घरी आणून खिडकीशी उलटं धरलं तर मागची बाजू जवळजवळ पांढरी. तेव्हा कळलं की हे स्क्रीन प्रिंट आहे. त्यातलं सहा मीटर तोवर विकलं गेलं होतं. ज्या दोघींनी ते घेतलं होतं त्यांना फोन करून पैसे परत केले, बाकीचं अस्तराला वापरलं.

तेव्हापासून मी सगळ्यात आधी मागची बाजू बघते. अजरख अख्खं निळीच्या हौदातून जातं, त्यामुळे एकपुरी असलं तरी खऱ्या अजरखची मागची बाजू पांढरी असूच शकत नाही. किनारीचे सुटे धागे बघा, तेही रंगलेले हवेत. मग नक्षीवरून बोट फिरवत जा. दर काही इंचांवर एक ठसा संपून दुसरा सुरू होतो, तिथे रेघ तसूभर जाड, बारीक किंवा सरकलेली दिसेल. हजार जागी अगदी तंतोतंत सारखं असेल तर ते यंत्राचं. पांढरा रंगही बघा, तो दुधी असतो, नीळ घातल्यासारखा झगझगीत नसतो.

एक प्रकार मात्र डोळ्यांनी ओळखता येत नाही : हाताच्या ठशानेच छापलेलं, पण तयार रासायनिक रंगांचं. तिथे विकणाऱ्याला विचारणं एवढंच हातात आहे. किती दिवस लागले, कुठल्या गावी झालं, लाल कशाचा, हे तीन प्रश्न विचारा. ज्याला ठाऊक आहे तो आनंदाने सांगतो. ‘कच्छ अजरख’ला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

बगरू, बाघ आणि अजरख यांत फरक काय?

बगरू जयपूरजवळचं, छीपा कारागिरांचं. तिथे माती लावून जागा राखायची ‘दाबू’ पद्धत आहे आणि नक्षी फुलापानांची. बाघ मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात, पवारांच्या जुन्या धार संस्थानाच्या मुलखाजवळ. तिथलेही कारागीर खत्रीच, त्यांचेही पूर्वज सिंधकडचे. बाघमध्ये पांढऱ्या अंगावर लाल-काळी नक्षी असते आणि लाल उकळताना धायटीची फुलं घालतात, आपल्या सह्याद्रीत उन्हाळ्यात फुलते तीच धायटी.

रंग जातो का? धुवायचं कसं?

पहिल्या तीन-चार धुण्यांत निळीचे सैल कण निघतात. म्हणून थंड पाणी, वेगळी बादली, रिठ्याचं पाणी किंवा सौम्य साबण, आणि सावलीत उलटं वाळत घाला. गडद निळ्यावर घासलं तर पांढऱ्या कुर्त्याला थोडा निळा लागू शकतो, ते खोटेपणाचं लक्षण नाही.

लिंबू, व्हिनेगर आणि ब्लीच कधीही लावू नका. एका ताईंनी ओढणीवरचा आमटीचा डाग लिंबाने काढायला घेतला. डाग फिका झाला, पण तिथली काळी रेघ करडी होऊन गेली. काळा म्हणजे लोखंड, आणि लिंबाचं आम्ल लोखंड ओढून घेतं. ती रेघ परत आणता येत नाही.

एवढं महाग का?

वरचे दिवस मोजा. दोन-तीन आठवडे एका कापडात माणसं, पाणी, लाकूड आणि ऊन गुंतलेलं असतं. कुठल्याही पायरीला चूक झाली तर ती पुढच्या पायरीलाच दिसते. घासाघीस जरूर करा, पण ती माझ्या नफ्याशी करा. कारागिराचा दर मी आधीच दिलेला असतो आणि तो उतरवून मागत नाही. पाण्याची चिंता तर इथेही सुटलेली नाही. अजरखपूर ज्या पाण्यासाठी वसलं ते जमिनीखालचंच, आणि कच्छमध्ये ते खोल खोल चाललं आहे.

तिथे जाऊन बघता येतं का?

येतं. वांद्र्याहून कच्छ एक्स्प्रेसने भूज, तिथून रिक्षा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. गावातच लिव्हिंग अँड लर्निंग डिझाइन सेंटरचं संग्रहालय आहे, ते आधी बघा. शुक्रवारी दुपारी नमाज असतो, ती वेळ टाळा. कारखान्यात शिरताना विचारा, छापलेल्या ओल्या कापडाला हात लावू नका, आणि फोटो काढून नक्षी दुसरीकडे छापायला देऊ नका. चहा येईलच, नाही म्हणू नका.

जुनं अजरख फाटायला लागलं तर?

ते आधी काळ्या रेघांवर फाटेल. लोखंड वर्षानुवर्षं धागा खात राहतं, त्यामुळे जुन्या कापडात काळ्याच्या जागी बारीक जाळी पडते आणि लाल-निळं मात्र शाबूत असतं. अशा कापडाला मागून मऊ सुती धोतराचं अस्तर लावा, रेघांच्या दोन्ही अंगांनी धावदोरा घाला आणि गोधडीचा वरचा थर करा. माझ्याकडची अशी गोधडी आता नवव्या वर्षात आहे.